रेनकोटातली बॅटरी

फुगलेली वस्तू बिघडलेली असते, हे पाववाल्याला काही केल्या पटेना.

"अगं पोरी, बघ तरी," तो सेलवालीला म्हणाला. "चारही कशा छान वर आल्यात. मी म्हटलं, अंग धरलंय."

सेलवालीनं टोपलीवरचं फडकं उचललं आणि दोन पावलं मागं सरकली. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान होतं. टॉर्च, ड्रिल, स्कूटर, पोरांची खेळणी, ज्यात म्हणून बॅटरी असते ते सगळं तिच्याकडे दुरुस्तीला यायचं. दुरुस्तीबरोबर मालकाला दोन शब्द ऐकावे लागायचे, ते फुकट.

"काका, टोपली खाली ठेवा. हळू. अंडी आहेत समजा. आणि त्यांना बोटानं दाबू नका! तो काय पाव आहे, भाजलाय का बघायला?"

पाववाल्यानं बोट मागं घेतलं. टोपलीत ड्रोनच्या चार बॅटऱ्या होत्या. एरवी त्या साबणाच्या वडीसारख्या चपट्या. आता त्यांची पोटं अशी पुढं आली होती, की जेवणावळीतून उठून आल्यासारख्या दिसत होत्या.

"कुठं ठेवल्या होत्यात?"

"भट्टीवरच्या फळीवर."

"गरम फळीवर?"

"कोमट. पीठ फुगायला ठेवतो ना, तीच फळी. म्हटलं, गारठू नयेत."

"आणि चार्जिंग?"

"दर रविवारी. काठोकाठ. जरा उतरली की पुन्हा भरायचो. वर्षभरात एकदा चुकलो असेन तर शपथ." हे सांगताना त्याची मान ताठ झाली होती.

सेलवालीनं कपाळाला हात लावला. "अहो काका, तुम्ही यांची सेवा करून करून जीव घेतलात. बॅटरी पडून राहणार असेल तर अर्धपोटी ठेवायची असते. निम्मी भरायची, गार कोपऱ्यात टाकायची आणि मधूनमधून फिरवून आणायची. पोट तुडुंब भरून उबेला बसवली की आतल्या आत सडते, वायू धरते. या आता उडायच्या नाहीत. पेटल्या नाहीत, हे तुमचं नशीब."

तिनं लांब चिमट्यानं एकेक बॅटरी उचलून वाळूच्या बादलीत निजवली. पाववाला बघत राहिला. बादली दुकानाबाहेर गेली तसा तोही दारापर्यंत तिच्या मागोमाग गेला.

ड्रोन त्याच्या बायकोचं होतं. लोकांची छपरं गळायला लागली की लोक तिला बोलवायचे. ती खाली उभी राहून ड्रोन वर चढवायची, फोटो काढायची आणि कुठं भेग पडली, कुठं कौल सरकलं ते सांगायची. स्वतः स्टुलावर चढायला घाबरायची. ती जाऊन वर्ष उलटलं होतं. तिच्या वस्तू पाववाल्यानं जशा होत्या तशा ठेवल्या नव्हत्या, भरून ठेवल्या होत्या. तिच्या पेनात शाई, तिच्या डब्यात साखर, तिच्या बॅटऱ्या फुल. ती आली आणि काही कमी पडलं असं व्हायला नको. ती येणार नाही हे त्याला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि रविवारी दुपारी हात मोकळे असणं वेगळं.

"पण मग माझ्या धुराड्याचं काय?" तो म्हणाला.

धुराड्याची भानगड अशी होती. बेकरीचं धुराडं मागच्या भिंतीवरून उभं चढत शेजारच्या इमारतीच्या गच्चीच्याही वर गेलं होतं. त्या इमारतीच्या चेअरमननं पालिकेत तक्रार केली होती, की धुराड्याला वरच्या अंगाला तडा गेलाय, धूर घरात शिरतो आणि आपल्या शर्टांना वास येतो. पूर्वीही एकदा त्यानं हीच तक्रार केली होती. तेव्हा बायको धुराड्याचा फोटो घेऊन चेअरमनकडे गेली आणि हसत परत आली. त्यानंतर ती होती तोवर चेअरमनच्या तोंडून ब्र निघाला नाही. आता पुन्हा सुरू झालं होतं. सोमवारी पालिकेचे साहेब येणार होते. धुराडं धड आहे हे दाखवता आलं नाही, तर भट्टी विझवा असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. वर चढून बघायचं तर परांची बांधायला हवी, आणि परांचीचे खांब रोवायला जागा फक्त चेअरमनच्या अंगणात होती. चेअरमन म्हणाला होता, माझं अंगण म्हणजे काय बाजार आहे का?

विझलेली भट्टी म्हणजे बंद बेकरी. बंद बेकरी म्हणजे दिवसभर घरात बसणं. पाववाल्याला त्या बसण्याचीच धास्ती जास्त होती.

"लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाला तरी बोलवा की," सेलवाली म्हणाली. "त्यांच्याकडे असतात ड्रोन."

"त्या धुराड्यावर आजवर हिचंच यंत्र गेलंय. दुसऱ्याचं जाणार नाही."

"हा हट्ट झाला."

"मग झाला."

सेलवालीनं ड्रोनच्या पिशवीत डोकं घातलं. "काका, पिशवीत खण पाच आहेत. बॅटऱ्या चारच. पाचवी कुठंय?"

पाववाल्याला ते माहीत नव्हतं.

घरी सासूबाई गॅलरीत बसून गल्लीवर पहारा देत होत्या. लेक गेल्यापासून त्या जावयाकडेच राहत होत्या. त्या म्हणत, जावयाला एकट्याला करमत नाही म्हणून. जावई म्हणे, त्यांना गॅलरी आवडते म्हणून. दोघांचंही खरं होतं.

"काय झालं, जावईबापू? टोपली रिकामी दिसतेय."

"चारही गेल्या, आई. पाचवी मिळत नाही."

"रेनकोट बघितलात का तिचा?" सासूबाई गल्लीकडे बघतच म्हणाल्या.

रेनकोट जिन्याच्या खालच्या अंगाला खुंटीवर टांगलेला होता. तिथं ऊन येत नसे, भट्टीची धग पोचत नसे. बायकोनं तो शेवटचा काढून टांगला, तेव्हापासून पाववाल्यानं त्याला हात लावला नव्हता. जाता-येता खांदा लागू नये म्हणून तो त्या पायरीवर थोडा तिरका व्हायचा.

आता त्यानं रेनकोटासमोर उभं राहून हात पँटला पुसले. मग एक हात डाव्या खिशात घातला. बॅटरी होती. चपटी, गार, जशी घेतली तशी. त्याला एकदम बरं वाटलं, आणि त्या बऱ्या वाटण्याच्या भरात त्यानं उजव्या खिशातही हात घातला.

त्यात शिवायच्या दोऱ्याचं रीळ होतं, आणि सिगारेटचं पाकीट.

पाकिटात अजून चारदोन सिगारेटी शिल्लक होत्या.

पाववाला पायरीवरच बसला. इतक्या वर्षांचा संसार, आणि बायको सिगारेट ओढत होती? कधी? कुठं? त्यानं पाकीट हुंगलं, मग रेनकोटाची बाही हुंगली. बाहीला रबराचा वास होता.

तो वर गेला आणि पाकीट सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. "हे काय आहे, आई?"

सासूबाईंनी चष्मा नाकावर चढवला. "सिगारेटी दिसतायत."

"ते मलाही दिसतंय. तिच्या खिशात कशा?"

"मला काय विचारता? तेव्हा मी माझ्या घरी होते. इथं फक्त रविवारची यायची."

"तिच्या तोंडाला कधी वास आला नाही हो."

"तुमच्या नाकाचं मला सांगू नका. पाव करपला तरी गिऱ्हाईक येऊन सांगेपर्यंत तुम्हाला पत्ता नसतो." सासूबाईंनी पाकीट त्याच्याकडे सरकवलं. "बॅटरी मिळाली ना? मग ती आधी जिवंत करा. एकदा ड्रोन उडालं की बघू."

यात ड्रोनचा काय संबंध, ते पाववाल्याला कळलं नाही. पण तशा सासूबाईंच्या निम्म्या गोष्टी त्याला कळत नसत. त्यानं रीळ एका खिशात टाकलं, पाकीट दुसऱ्या. दिवसभर ते मांडीला टोचत राहिलं.

पाचवी बॅटरी सेलवालीनं आधी चार्जरला लावली. चार्जरचा लाल दिवा डोळा मारल्यासारखा मिचकला आणि विझला.

"मेली?" पाववाल्यानं विचारलं.

"थांबा हो. तुम्हाला सगळ्यांना मारायची घाई." तिनं मीटरची टोकं लावून बघितली. "मेली नाही, उपाशी आहे. वर्षभर पोटात काही नाही, त्यामुळे एकदम खोल झोपलीय. चार्जर आधी हाक मारतो. आतून हुंकार आला तरच वाढतो. हिच्यात हुंकार द्यायचीसुद्धा ताकद नाही, म्हणून तो समजतो घरात कुणी नाही."

"मग?"

"मग चार्जरला न सांगता मागल्या दारानं थोडं थोडं भरवायचं. पण हे घरी करायचं काम नाही, आधीच सांगते. तुमच्या हातगुणाचा नमुना बघितलाय मी."

तिनं बॅटरीचं कवच उकललं. आत तीन पाकळ्या होत्या, म्हणजे चपटे सेल, एकीवर एक. त्या फुगल्या नव्हत्या, गळत नव्हत्या, हे तिनं आधी नीट बघून घेतलं. मग बॅटरी वाळूच्या परातीत ठेवली, बारीक तारा जोडल्या आणि अगदी थोडी, नावाला म्हणावी इतकी वीज सोडली. एक हात बटणावर, दुसरा हात पाकळ्यांवर. गरम लागलं की बंद करायचं आणि थांबायचं. निवली की पुन्हा.

"जरा जास्त सोड ना," पाववाला कुरकुरला. "अशानं सोमवार उजाडेल."

"काका, तुमच्या खमिराचं काय करता? ते सुकून मेल्यासारखं दिसलं की पोतंभर पीठ ओतता का त्यात?"

"छे. चमचाभर पीठ, चमचाभर कोमट पाणी. मग वाट बघायची. बुडबुडा दिसला की अजून चमचाभर."

"मग इथं काय वेगळं चाललंय?"

हे मात्र पाववाल्याला लगेच पटलं. तो स्टूल ओढून परातीजवळ बसला आणि बुडबुड्याची वाट बघितल्यासारखा मीटरकडे बघत राहिला. आकडा मुंगीच्या पावलानं चढत होता. एक पाकळी मागं राहिली, तर सेलवालीनं बाकी दोघींना थांबवून तिला एकटीला भरवलं. पाववाला मधूनमधून म्हणायचा, "ये बाई, वर ये." सेलवाली आधी हसली, मग तिनं हसणं सोडून दिलं.

दुपार कलता कलता तिनं कवच लावून बॅटरी पुन्हा चार्जरवर ठेवली. दिवा मिचकला. थांबला. मग हिरवा लागला आणि लागलेलाच राहिला.

पाववाला उठला. बेकरीत जाऊन गरम पावांची अख्खी लादी आणून त्यानं तिच्या टेबलावर ठेवली आणि नाक पुसत निघून गेला.

सेलवालीनं बॅटरी दोनदा भरून, दोनदा उतरवून पारखली. रविवारी दुपारी ती स्वतःच बेकरीच्या गच्चीवर घेऊन आली, कारण या सासू-जावयावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

"नीट ऐका. आजारातून उठलेली आहे. वर जायचं, फोटो काढायचा, खाली यायचं. दम लागला की एकदम बसेल. वर रेंगाळत बसलात, तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही. कोण उडवणार?"

"मीच," पाववाला म्हणाला. त्यानं आयुष्यात ड्रोन उडवलं नव्हतं.

"बाजूला व्हा, जावईबापू," म्हणून सासूबाईंनी रिमोट त्याच्या हातातून काढून घेतला. चष्मा दोरीनं गळ्यात होता, तो नाकावर चढवला, दोन्ही अंगठे दांड्यांवर ठेवले. ड्रोन भुंग्यासारखं गुणगुणलं आणि सरळ रेषेत वर गेलं.

पाववाल्याचा आ वासला. "तुम्ही कधी शिकलात?"

"रविवारी दुपारी तुम्ही घोरता तेव्हा."

बायको रविवारी दुपारी ड्रोन घेऊन गच्चीवर जायची, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणायची, बॅटऱ्यांना फिरवून आणते, नाहीतर रुसतात. सासूबाई तेव्हा रविवारच्या मुक्कामाला असायच्या. तो जेवून जो आडवा व्हायचा तो संध्याकाळी पीठ मळायलाच उठायचा.

तिघं रिमोटवरच्या पडद्याला डोकी लावून उभे राहिले. धुराडं वर वर सरकत गेलं, मग त्याचं तोंड दिसलं. काजळीनं काळं, पण अखंड. एक वीट हललेली नाही, कुठं तडा नाही.

"काढा, काढा फोटो!"

"काढला हो. कानात ओरडू नका."

फोटो पाववाल्याच्या फोनवर येऊन पडला. तो टाळी वाजवणार, तेवढ्यात रिमोट टिवटिवायला लागला. निम्म्याच्या वर असलेली बॅटरी एकदम तळाला गेली होती.

"दम लागला!" सेलवाली ओरडली. "आजी, खाली घ्या! ते आता स्वतःच उतरणार."

"उतरू दे की," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा उजवा अंगठा मात्र दांडी हळूच पलीकडे ढकलत होता.

"आई, तिकडे चेअरमनची गच्ची आहे!"

"असं? वारा फार आहे बघा."

वाऱ्याचं नाव नव्हतं. गल्लीत वाळत घातलेली चादर पुतळ्यासारखी उभी होती.

पडद्यावर शेजारची गच्ची मोठी होत आली. पाण्याची टाकी दिसली. टाकीच्या मागं, जिन्याच्या दारातून दिसणार नाही अशा बेतानं, चेअरमन उभा होता. पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, इस्त्रीचा शर्ट, ओठांत पेटलेली सिगारेट.

"अरे लबाडा," सेलवाली पुटपुटली. "म्हणून शर्टांना वास येतो होय!"

पण पाववाला दुसरंच काही बघत होता. आभाळातून एक यंत्र अंगावर येतंय हे बघून माणसानं दचकावं, पळावं, निदान सिगारेट लपवावी. चेअरमननं तसलं काही केलं नाही. त्याचा चेहरा उजळला. तो दोन पावलं पुढं आला आणि त्यानं हात वर करून ड्रोनच्या पोटाखाली चाचपलं, एखादी लोंबती दोरी शोधावी तसं. काही हाताला लागलं नाही. ड्रोन त्याच्या पायाशी बसलं आणि पडदा काळा झाला.

पाववाल्याचा हात आपोआप खिशातल्या पाकिटावर गेला. दुसऱ्या खिशात दोऱ्याचं रीळ होतं.

दार चेअरमनबाईंनी उघडलं. दुपारच्या झोपेतून उठल्या होत्या आणि ते त्यांना आवडलं नव्हतं.

"आमचं यंत्र तुमच्या गच्चीवर उतरलंय, वहिनी," पाववाला म्हणाला.

"हे वर झाडांना पाणी घालतायत, ते देतील. व्हा पुढं. मी येते मागनं, माझे गुडघे धरलेत."

पाववाला दोनदोन पायऱ्या चढून गच्चीवर पोचला. झाडं म्हणून कोपऱ्यात एकच कुंडी होती, तीही वाळलेली. टाकीमागं चेअरमन एका हातानं ड्रोन पोटाशी धरून, दुसऱ्या हातात नवी सिगारेट पेटवून उभा होता.

"तुम्ही होय," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा उजेड गेला. "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"जाऊ द्या. क्षणभर वाटलं, त्याच आल्या."

पाववाल्यानं पाकीट आणि रीळ पुढं केलं. "हे तुमचं का?"

चेअरमननं पाकिटाकडे बघितलं आणि जिन्याकडे. मग भराभरा बोलायला लागला. ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी आणि त्याहून जास्त बायकोनं सिगारेट बंद केली होती. तो टाकीमागं ओढायचा. शर्टाला वास यायला लागला तेव्हा त्यानं बायकोला सांगितलं, बेकरीचा धूर. बायको म्हणाली, मग तक्रार करा. म्हणून ती पहिली तक्रार. "तुमच्या बाई फोटो घेऊन आल्या. धुराड्याचाच फोटो, पण कोपऱ्यात मी. म्हणाल्या, पाकीट इकडे द्या. पाकीट माझ्याकडे राहील. तुम्हाला आठवड्याला एक मिळेल, रविवारी दुपारी, दोऱ्याला बांधून. तेवढ्यात भागवा, आणि आमच्या धुराड्याचं नाव घेऊ नका. मी तुमच्या बायकोला सांगणार नाही, माझ्या नवऱ्यालाही सांगणार नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं. रोजची दहा ओढणारा मी, आठवड्याला एकावर आलो. एकदा वाऱ्यानं दोरा गुंडाळला, तर पुढच्या रविवारपर्यंत चडफडत बसलो." तो ड्रोनवरची धूळ अंगठ्यानं पुसत होता. "त्या गेल्या. पाकीट त्यांच्याकडेच राहिलं. तुमच्याकडे येऊन मागणार कसं? मग नवं आणलं. मग दुसरं. आता पुन्हा दहावर गेलोय, शर्टांना वास मारतो, ही विचारते..."

"आणि तुम्ही पुन्हा माझ्या धुराड्याचं नाव घेतलंत."

"दुसरं काही सुचलं नाही हो."

पाववाल्यानं फोन काढला. धुराड्याचं तोंड स्वच्छ दिसत होतं, आणि खालच्या कोपऱ्यात टाकी, लेंगा, सिगारेट. "हाच फोटो उद्या साहेबांना दाखवायचाय."

"कोपरा कापता येतो, पाववाले!"

"आमच्या सासूबाईंकडे कात्री नाही."

तेवढ्यात जिन्यात पाय वाजले. एक पायरी, एक उसासा, एक पायरी. चेअरमनचा चेहरा पिठासारखा झाला. एका हातात ड्रोन, दुसऱ्या हातात पेटलेली सिगारेट. टाकायची तर स्वच्छ फरशीवर. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि सिगारेट पाववाल्याच्या बोटांत खुपसली.

दारात चेअरमनबाई उभ्या राहिल्या.

पाववाल्याच्या एका हातात पेटती सिगारेट होती, दुसऱ्यात पाकीट. फोन त्यानं काखेत धरला होता. फोनमध्ये सगळा पुरावा होता. तो नुसता पुढं केला असता तरी काम झालं असतं.

पण बायकोनं शेवटपर्यंत शब्द पाळला होता. त्याच्याजवळही बोलली नव्हती. कधीतरी झोपताना तिला एकटीलाच हसू फुटायचं आणि तो विचारायचा, काय झालं, तर म्हणायची, काही नाही, बॅटऱ्या फार लाडावल्यात. तिचा तो चेहरा त्याला आत्ता समोर दिसला. त्यानं फोन काखेतच दाबून धरला आणि मान खाली घातली.

"पाववाले!" चेअरमनबाई कडाडल्या. "तुम्ही? ती बिचारी गेली आणि तुम्ही हे धंदे सुरू केलेत?"

"चुकलं, वहिनी."

"पाकीट घेऊन हिंडता! आणि तुमच्या गच्चीवर बसून ओढत असाल, म्हणून सगळा वास आमच्या दोरीवरच्या कपड्यांना! मी म्हणतेच, लाकडाच्या धुराचा वास असा नसतो. आणि हे बघा आमचे शहाणे, धुराड्याची तक्रार घेऊन पालिकेत!" त्या नवऱ्याकडे वळल्या. "उद्या सकाळी जायचं आणि तक्रार मागं घेऊन यायचं. काय?"

"हो," चेअरमन म्हणाला. "लगेच."

"आणि तुम्ही ती विझवा आधी. लाज वाटते का?"

"वाटते," म्हणून पाववाल्यानं सिगारेट वाळक्या कुंडीत विझवली. ओठ आवळून, डोळे खाली लावून तो ड्रोन घेऊन जिना उतरला. खालच्या वळणावर पोचल्यावर मात्र त्याला भिंतीला टेकावं लागलं. वर्षभरात तो एवढा हसला नव्हता.

घरी सासूबाई गॅलरीत बसल्या होत्या, काहीच झालं नसल्यासारख्या.

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं," तो म्हणाला.

"दोरा कोण बांधायचं वाटतं तुम्हाला? तिला गाठ येत नव्हती नीट."

"मग मला सांगायचं ना!"

"मी शब्द दिला होता. तुम्ही स्वतः जाऊन बघितलंत, त्याला मी काय करणार? वारा होता."

पालिकेचे साहेब सोमवारी आले, ते तक्रार मागं घेतल्याचं सांगायला, आणि पावाची एक लादी घेऊन गेले. गल्लीत मात्र पाववाल्याचं नाव झालं. चेअरमनबाई रोज पाव घ्यायला येत आणि पुढची चार गिऱ्हाइकं खोळंबवून त्याला फुप्फुसांविषयी सांगत. तो मान हलवी. सेलवाली लांबूनच विचारायची, "काका, सुटली का?" तो म्हणायचा, "प्रयत्न चाललाय."

पुढच्या रविवारी दुपारी तो झोपला नाही. सकाळीच त्यानं उरलेल्या पिठाची एक बारीक, लांब कांडी वळून कडक भाजली होती. जाडी, लांबी, सगळं पाकिटातल्या सिगारेटीशी मापून. टोकाला साखर लावून तिथं जरा तांबूस करपवली होती.

सासूबाईंनी कांडी उजेडात धरून बघितली. "धूर निघणार नाही, एवढंच."

"रोजची दहाच्या दहा मागितली तरी मिळतील म्हणावं. पिठाला तोटा नाही."

कांडी दोऱ्याला बांधून ड्रोन गेलं. पडद्यावर चेअरमन टाकीमागून पुढं आला, हात वर केला, दोरा सोडला. कांडी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग कॅमेऱ्याकडे बघून जे काही बोलला ते पडद्यावर ऐकू येत नव्हतं, ते बरं झालं. पण थोड्या वेळानं त्यानं ती दोन बोटांत धरली, ओठांत ठेवली आणि कुरकुर चावायला लागला.

"खातोय," सासूबाई म्हणाल्या.

पाववाला खाली भट्टीपाशी गेला. खिशातलं पाकीट काढलं. आठवडाभर ते त्याच्याबरोबर फिरत होतं. आता ते तिचं नव्हतं हे ठाऊक होतं, तरी तिच्या खिशातलं होतं. त्यानं ते एकदा हातात तोललं आणि निखाऱ्यांवर टाकलं.

वरून सासूबाईंची हाक आली. "जावईबापू, लवकर या! हा बघा कसा उभा आहे!"

तो धावत गच्चीवर आला. धुराड्याच्या तोंडातून एक निळसर धार निघून शेजारच्या गच्चीवर उतरत होती. त्या दिवशी बेकरीच्या धुराड्यातून पहिल्यांदाच सिगारेटीचा धूर जात होता. टाकीमागं चेअरमन कांडी हातात धरून, डोळे मिटून, नाक वर करून छाती भरभरून श्वास घेत होता.

"आता करेल का तक्रार?" पाववाल्यानं विचारलं.

"बॅटरी निम्म्यावर आली," सासूबाई म्हणाल्या. "उतरवते. ठेवून या तिच्या खिशात."

ड्रोन उतरलं. पाववाल्यानं बॅटरी काढली, कोमट होती म्हणून हातातच निवू दिली, आणि जिना उतरून गेला. खुंटीपाशी तो या वेळी तिरका झाला नाही.